मोगरी बोलतेय तोवर

“बोलतेय ना ती? मग नीज, पोरी.”

बापाचा हा आवाज ओटिलियाच्या कानात अजून जसाच्या तसा होता. त्या बापाला, थेओडुलला, जाऊन कितीतरी हिवाळे लोटले, चर्चच्या मागे त्याच्या क्रुसावर शेवाळ चढलं, ती स्वतः केसांनी पांढरी झाली. पण अंथरुणाला पाठ टेकली की तो आवाज यायचा. राई नावाच्या काळ्या धान्याच्या शिळ्या पावासारखा खरखरीत, आणि तसाच पोट भरणारा.

‘ती’ म्हणजे मोगरी. एगमाट गावाच्या डोक्यावर, जिथे पाट कड्यावरून उतरून पहिल्या कुरणात शिरतो, तिथे पाण्यात एक लहानसं चाक होतं. चाक फिरलं की लाकडी मोगरी उचलली जायची आणि खालच्या फळीवर पडायची. ठक, ठक-ठक. ठक, ठक-ठक. पाटात पाणी आहे तोवर ती बोलायची. वर कुठे दगड कोसळून पन्हळ मोडली, पाणी भलत्या वाटेने निघालं, की चाक थांबायचं, मोगरी मुकी व्हायची, आणि एगमाटमधलं चुलीपाशी झोपलेलं मांजरसुद्धा डोळे उघडायचं. दुसऱ्या गावांना कोंबडा जागं करतो. एगमाटला जागं करायची ती शांतता.

देवाने एगमाटला ऊन भरपूर दिलं, उतार तर मापाबाहेर दिला, पाऊस तेवढा द्यायचा राहून गेला. ढग पलीकडच्या शिखरांवर रिते होऊन यायचे आणि गावावरून नुसते मिरवत जायचे. म्हणून जुनी माणसं हिमनदीच्या तोंडाशी गेली. तिथे त्यांनी पाणी धरलं, उभ्या कड्याच्या कमरेला लाकडी पन्हळी टांगल्या आणि जत्रेतून पोर आणावं तसं ते पाणी बोट धरून गावात आणलं. त्या कामात कोण कोण खाली गेलं ते कड्यावर कोरलेल्या क्रुसांना ठाऊक. पाट राखणारा पाटकरी तिथून जाताना टोपी काढायचा आणि मगच पुढे पाऊल टाकायचा.

त्या पाण्यावर राई झाली, गवत झालं. गवतावर काळ्या गाई, गाईंवर चीज, आणि चीजवर गाव. खाली मोठ्या नदीकाठी गावाचे द्राक्षमळे होते. माणसं वर्षभर डोंगराच्या अंगावर खालीवर करत राहायची, वेली छाटायला खाली, गाईंमागे वर, कापणीला मध्ये. पाणी कुणा सरदाराचं नव्हतं, बिशपचंही नव्हतं. लाकडाच्या पट्टीवर घराघराची खूण कोरलेली असे, कुणाची शिडी, कुणाचं शिंग, कुणाचा कोंबडीचा पाय, आणि पाळी आली की तेवढा वेळ पाणी त्या घराचं. पाद्रीबाबांचीही पाळी होती. ते एकदा प्रार्थनेत रमले आणि पाळी चुकली, तर गावाने हात जोडून त्यांना सांगितलं की आता पुढची पाळी येईतो बटाट्यांसाठीही प्रार्थनाच करा.

वसंतात घरटी एक माणूस पाटाच्या दुरुस्तीला जायचं. आजारी असो, श्रीमंत असो, सुटका नाही. घरात पुरुष नसेल तर बाई जायची, पण बाईचा दिवस अर्धा धरला जाई आणि कड्याच्या फळीवर तिला जाऊ देत नसत. बायका खालच्या चाऱ्यांतला गाळ काढायच्या आणि काढता काढता गायच्या:

पाणी चालतं कड्यानं, त्याच्या पायी ग लाकडी वाळा
माझ्या गावाच्या गळ्यात, थेंबाथेंबाची मोतीमाळा

थेओडुल गावाचा पाटकरी होता. त्याला मुलगा नव्हता, एकच लेक. मग त्याने रिवाजाकडे पाठ केली आणि लेकीला फळीवर नेलं. खाली दरी, वर कडा, मध्ये पावलाएवढी फळी आणि कानाशी वाहतं पाणी. फुटल्या पन्हळीत शेवाळ कसं पिळून भरायचं, सुचीपर्णी झाडाची डहाळी कुठल्या बाजूने खुपसायची, हे त्याने तिला हातात हात धरून शिकवलं. “पाण्याशी भांडायचं नसतं,” तो म्हणायचा. “आधी सांडवा उघडून त्याला दुसरी वाट द्यायची. तिकडे गेलं की मग आपण गुपचूप दार लावायचं.”

ती शिकली. मोगरीच्या आवाजावरून पाण्यात वाळू किती आहे हेही तिला कळू लागलं. मग थेओडुल अंथरुणाला खिळला. एका संध्याकाळी त्याने तिला जवळ बोलावलं, तिच्या हातावर हात ठेवला, आणि म्हणाला, “हे सगळं आता तुझ्या नवऱ्याला शिकव.”

ओटिलियाने मान डोलावली. ओठांवर आलेलं तिने गिळलं, वर पाणी प्याली.

नवरा चांगला होता. अमादे लांब हातापायांचा, हसऱ्या डोळ्यांचा, दोन गावांत नसेल असा सुतार. वरच्या खोऱ्यात धरण बांधलं जात होतं तेव्हा तो बोगद्याच्या कामाला गेला. त्या काळी गावातले अर्धे पुरुष गेले होते. कुणी तिथून नवा कोट आणला, कुणी खोकला आणला, आणि अमादेने घरी आणली ती सुरुंगांची गाज. ती गाज आधी त्याच्या कानात रेंगाळली, मग हळूहळू बाकीचे सगळे आवाज खाऊन बसली. त्याच सुमारास थेओडुल वारला, आणि ग्रामसभेने जावयाला पाटकरी केलं.

जुना नियम सरळ होता, मोगरी ऐकेल तो पाटकरी. ओटिलियाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. खाली नदीकाठच्या कारखान्याने त्याला परत पाठवलं होतं. बोलावलं तर वळून न बघणारा माणूस भट्टीजवळ कोण ठेवणार? गावात उभं राहायला त्याला पाटाएवढीच जागा उरली होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही. त्याने हात दिले, तिने कान.

त्यांचं घर गावाच्या सगळ्यात वरच्या टोकाला होतं. मोगरी थांबली की रात्री ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. दिवसा सज्जाच्या कठड्यावर पांढरी चादर टाकायची. तो कुठल्याही कुरणात असला तरी घडीघडी मान वर करून घराकडे बघायचा आणि चादर दिसली की धावत सुटायचा. गाव थक्क व्हायचं. आपल्याला शांतता कळेपर्यंत अमादे वाटेला लागलेला असायचा. “सशाचे कान आहेत मेल्याचे,” म्हातारे म्हणायचे. खालच्या अंगाला राहणारी काटरी, ओटिलियाची शाळेपासूनची मैत्रीण, वेगळंच बोलायची. “तुझी धुणी बरी ग पाट फुटला की वाळत पडतात,” असं म्हणून ती डोळे बारीक करायची. ओटिलिया म्हणायची, पाट फुटला की तुझी जीभ वाळत टाकते, जागा असते तेवढी.

काटरी हसायची आणि पुढे विचारायची नाही. न विचारणं हीसुद्धा एगमाटमध्ये शेजारधर्मातच मोडायची गोष्ट होती.

असं चाललं होतं. राईची शेतं एकेक करून कुरणं झाली, कारण पाव आता खालून कारखान्याच्या पाळीच्या बसने यायचा. तरणी माणसं त्याच बसने पहाटे कारखान्यात जायची आणि परतल्यावर अंधार पडेतो गवत कापायची. दोन्हीकडे राबून ती गाई ठेवत होती, मळे ठेवत होती, पाट ठेवत होती. कुणी विचारलं की कशाला, तर खांदे उडवून म्हणायची, होता म्हणून. पण त्यांच्या मागे शिकणारं कुणी दिसत नव्हतं, आणि नवीन पिढीतला आन्सेल्म ग्रामसभेत नळाची गोष्ट काढू लागला होता. डोंगराच्या पोटातून लोखंडी नळ न्यायचा. कडा नको, पन्हळी नकोत, पाटकरी नको, मोगरी तर नकोच. आन्सेल्म काही वाईट माणूस नव्हता. त्याचा आजा त्याच कड्यावरून पडला होता.

त्या वर्षी ख्रिस्तदेहाचा सण जूनच्या लख्ख उन्हात आला. खिडक्याखिडक्यांतून लाल कापडं आणि पांढऱ्या चादरी लोंबत होत्या, वाटेवर कापलेलं गवत पसरलं होतं. पुढे ताशे आणि पावे, मागे पणजोबांच्या वेळचे लाल गणवेश आणि अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेले पुरुष, त्यांच्यात झेंडा घेऊन अमादे. मग छत्रीखाली पाद्रीबाबा, आणि शेवटी बायका. ओटिलियाच्या डोक्यावर आईची सणाची टोपी होती. तिच्या कडेला चुण्या घातलेली रुंद रेशमी फीत होती, फितीवर सोनेरी भरतकाम. आई ती फीत नीट घडीत बसवताना कुणाशी बोलत नसे.

एगमाटच्या ताशाचा ठेका कुणी रचलेला नव्हता. पोरं पाळण्यात मोगरी ऐकत वाढायची. हातात काड्या आल्या की आपसूक तोच ठेका निघायचा. ठक, ठक-ठक. पिढ्यान्‌पिढ्या वर मोगरी आणि खाली ताशे एकाच तालात चालायचे, आणि मिरवणुकीत कुठला आवाज कुणाचा ते सांगता यायचं नाही. गावाला त्याचा अभिमान होता. शेजारच्या गावांना अशी फसगत करून घ्यावी म्हटलं तरी जमलं नसतं.

हौदाजवळच्या वेदीपाशी ताशे थांबले. सगळे गुडघ्यावर आले, पाद्रीबाबांनी आशीर्वादाला देव उचलला, म्हणजे पवित्र भाकरीचं सोनेरी पात्र. अशा वेळी दरवर्षी वरून मोगरीची ठकठक यायची, आणि म्हातारे म्हणायचे, आपल्याआधी तीच आमेन म्हणते. त्या दिवशीही सगळ्यांना ती ऐकू आली. ताशाची गुंज कानात अजून घुमत होती, आणि कान म्हणत होते, हीच ती.

दोन माणसांपुरतं ऐकायची सवय असलेले ओटिलियाचे कान तेवढे फसले नाहीत. तिने डोकं वर केलं. वर काहीच नव्हतं, नुसतं ऊन.

सज्जावर चादर टाकावी तर आज गावभर चादरीच होत्या. अमादे पुढे पुरुषांच्या रांगेत गुडघ्यावर होता, झेंडा हातात, पाठ तिच्याकडे. त्याच्यापर्यंत पोचायचं तर देव उचललेला असताना सगळ्यांच्या मधून जावं लागलं असतं, आणि तिथे जाऊन करायचं काय? त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, गावादेखत?

ती उठली. काटरीने तिची बाही धरली.

“कुठे निघालीस? देव उचललाय अजून.”

“मग त्यालाच सांग, येते लगेच.”

मागच्या वाटेने, सणाच्या जोड्यांत, रेशमी एप्रन सावरत ती वर गेली. लाल कड्यापाशी दगड येऊन पन्हळीची बाजू फुटली होती, आणि पाणी पांढरं होऊन उतारावर पडत होतं. त्या उताराच्या पायथ्याशी काटरीचं घर होतं, आणि घराच्या मागची माती आत्ताच काळी पडून फुगायला लागली होती. सांडवा फुटल्या जागेच्या पलीकडे होता. म्हणजे त्या ओल्या फळीवरून जायला हवं. ओटिलियाने जोडे काढले, क्रुसापाशी आली, आणि पुरुषांसारखी टोपी काढायला हात वर केला. मग ती टोपी तिने हातातच ठेवली, कारण आता तिला ठाऊक झालं होतं की पन्हळीत काय भरायचं.

पलीकडे जाऊन तिने सांडव्याची फळी उपसली. पाणी क्षणभर रुसलं, मग घळीत धावलं. ती परत आली, शेवाळ पिळलं, डहाळ्या खोचल्या, टोपी घडी करून भेगेत बसवली, वर एप्रन दाबला आणि आईच्या फितीने सगळं आवळून बांधलं. मोठी गाठ मारली. बापाची गाठ. मग पुन्हा पलीकडे, सांडवा बंद, पुन्हा अलीकडे. पाण्याने तिची गाठ चाखून पाहिली आणि पुढे गेलं.

ती मोगरीपाशी उतरली तेव्हा तिथे अमादे उभा होता. मिरवणूक चर्चशी पोचताच त्याने मागे बघितलं होतं, बायकांत ती दिसली नव्हती, आणि झेंडा शेजारच्याच्या हाती देऊन तो वर आला होता. मोगरीच्या खांबावर त्याने तळवा टेकवला होता. ती अशीच कळायची त्याला, लाकडातून हातात. त्याने तिच्या भिजल्या घागऱ्याकडे पाहिलं, अनवाणी पायांकडे, उघड्या डोक्याकडे.

“टोपी?”

तिने कड्याकडे बोट दाखवलं. त्याने आपली अस्वलाची उंच टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. ती नाकापर्यंत आली. दोघं हसली, आणि हसता हसता ओटिलिया खांबाला टेकून खाली बसली.

तो कड्यावर गेला. गाठ त्याने निरखून पाहिली, आणि जराही न हलवता तिच्या शेजारी कमरेचा लाल पट्टा बांधला. मग फीत सोडवली, एप्रन आणि टोपी अलगद काढून त्या जागी शेवाळ भरलं. आईची टोपी होती, तिला पाण्यात कुजू द्यायची नव्हती. ओटिलिया लार्चच्या झाडीतून आडवाटेने घरी गेली, कारण सणाच्या दिवशी बोडक्या डोक्याने गावातून जाणं बरं दिसलं नसतं. अमादे सरळ वाटेने उतरला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

यातून जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी नवी पन्हळ बसवायला गेलेल्या माणसांना तिथे देवाच्या मिरवणुकीतल्या गणवेशाचा पट्टा बांधलेला दिसला. काटरीच्या घरामागची फुगलेली माती दिसली. गावभर एकच बोलणं झालं, की ताशे वाजत असताना, सगळ्यांचे कान फसले असताना, अमादेने ऐकलं. माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून ओठ हलवायची. अमादेला वाटलं, ओटिलियाचं कौतुक चाललंय. तो छाती फुगवून म्हणायचा, “तसं बांधणं या गावात दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. पुरुषांना तर नाहीच.” माणसं म्हणायची, अमादे म्हातारपणी शेफारला, पण त्याने शेफारावं, त्याला शोभतं.

ओटिलियाच्या वाट्याला आलं ते वेगळं. देव उचललेला असताना उठून गेली म्हणून बायका तिच्याशी तुटक बोलू लागल्या. पाद्रीबाबांनी विचारलं, तेव्हा तिने चक्कर आल्याचं सांगितलं. एका संध्याकाळी चीजचा तुकडा तोडताना अमादे तिला म्हणाला, “आता झालं की नाही तुझं नाव गावात?” तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. किती खूष होता तो. तिने मान डोलावली आणि वरून पाणी प्याली.

मग गाई वरून उतरल्या, द्राक्षं झाली, पाट हिवाळ्यासाठी बंद झाला. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणानंतरच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर ग्रामसभा भरली. भिंतीवर लाकडाच्या पट्ट्या टांगलेल्या, टेबलावर गावच्या मळ्यातली वाइन कथलाच्या सुरयांत, आणि मधोमध मोगरी. पाट बंद झाला की ती चाकावरून काढून इथे आणत. ग्रामसभेत सरपंच पाटकऱ्याला विचारायचा, “ऐकशील?” पाटकरी मोगरी उचलायचा आणि म्हणायचा, “ऐकतो.” एवढंच. यापेक्षा मोठी शपथ एगमाटमध्ये नव्हती. लग्नाची पण नाही, असं काही नवरे म्हणायचे.

यंदा मागच्या बाकांवर बायका होत्या. त्यांना मत मिळालं होतं. पुरुषांनी त्यांच्यासाठी बाक पुसून ठेवले होते आणि आता त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. काटरीने आल्याआल्या वाइनचा वास घेतला आणि म्हणाली, एवढ्यासाठी हे आम्हाला इतकी वर्षं बाहेर ठेवत होते होय.

आन्सेल्मने नळाची गोष्ट काढली. तो शांतपणे बोलला, आजाचं नाव न घेता. बाकांवरून कुरकुर झाली. एक म्हातारा म्हणाला की नळ मुका असतो, फुटला तर सांगत नाही. सरपंच इग्नाझ, जाड मिशांचा, कुणालाही न दुखवता निकाल लावणारा माणूस, त्याने हात वर केला. पाट ठेवायचा असेल तर पाटकरी हवा, तो म्हणाला, आजचाच नाही, उद्याचाही. अमादेचं वय झालं. त्याच्यानंतर घेणारं कुणी असेल तर आत्ता सांगावं. नसेल तर नळाला मत पडू दे, आणि मग रडायचं नाही.

पुरुष आपापल्या हातांकडे बघू लागले. पाळीच्या बसने जाणारे हात.

“अमादेकाका,” आन्सेल्म वळून म्हणाला, “तुम्हीच सांगा. तुमच्यानंतर कोण?”

अमादेने सगळ्यांची तोंडं आपल्याकडे वळलेली पाहिली. दरवर्षी अशीच वळायची. तो उठला, टेबलापाशी गेला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, “ऐकतो.”

कुणीतरी हसलं. आन्सेल्मही हसला, आणि थोडं मोठ्याने म्हणाला, “तसं नाही काका. तुमच्यामागे पाट कोण बघणार, ते विचारतोय.”

“ऐकतो,” अमादे म्हणाला, आणि मोगरीकडे हात नेला.

हसणं मध्येच थांबलं. एगमाटची माणसं शांतता ओळखणारी. मोगरी थांबल्यावर घरोघरी जशी माणसं उठून बसतात, तसं एकेक माणूस ताठ झालं. इग्नाझने मिशीवरचा हात खाली घेतला. अमादे मात्र हळूच मागे वळून बायकांच्या बाकांवर ओटिलियाला शोधत होता, मी काही चुकलो का, असं डोळ्यांनी विचारत.

बसून राहणं सोपं होतं. तिने मान डोलावली असती, तर त्याने मोगरी उचलली असती, गावाने न विचारण्याचा शेजारधर्म पाळला असता, आणि नळाला मत पडलं असतं. काटरीने तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त आपले गुडघे बाजूला घेऊन वाट करून दिली.

ओटिलिया बाकांच्या मधून पुढे आली. अमादेचा तळवा टेबलावर टेकलेला होता. तिने त्याच्या बोटांखालून मोगरी सोडवून घेतली आणि टेबलावर ठोकली. ठक, ठक-ठक. ठक, ठक-ठक. सुरयांतली वाइन हलली. लाकडातून ते अमादेच्या तळव्यात गेलं, आणि त्याचा चेहरा, जो आतापर्यंत प्रश्नासारखा होता, निवळला. त्याने हात मागे घेतला. तो बायकांच्या बाकावर तिच्या रिकाम्या झालेल्या जागेपर्यंत गेला, काटरीच्या शेजारी बसला, आणि मांडीवर टोपी ठेवून समोर बघू लागला.

“याचे कान बोगद्याने घेतले,” ओटिलिया म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच खरखरीत वाटला, राईच्या पावासारखा. “बापाच्या मागे मोगरी मी ऐकली, पाट याने बांधला. दोघं मिळून एक पाटकरी होतो आम्ही, आणि तुमचं एकही कुरण वाळलं नाही. सणाच्या दिवशी मात्र मी एकटी होते. देवाला सोडून गेले ती तिकडे. पट्टा याचा, पण पहिली गाठ माझी. हा बिचारा उन्हाळाभर माझं कौतुक करत हिंडला, आणि तुम्ही त्यालाच शाबासकी देत राहिलात.”

आन्सेल्मने टोपी हातात घेतली होती.

“नळ की पाट, ते हात वर करून ठरवा. पण सरपंच, तुम्ही विचारलंत, घेणारं कुणी आहे का. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

मग ती अमादेकडे वळली, मोगरी छातीशी धरून, आणि त्याला ओठ वाचता यावेत म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

“बाप म्हणाला, नवऱ्याला शिकव. मी शिकवलं. पण पाटकरी मला व्हायचं होतं, अमादे. तेव्हाही. अजूनही व्हायचंय.”